माड लावून इतकी वर्षं झाली, नारळ का लागत नाही?

२०२५ मध्ये नारळ आणि खोबरेल दोन्ही एवढं महागलं की बऱ्याच सोसायट्यांमध्ये लोकांचं लक्ष पहिल्यांदाच आपल्या कंपाउंडमधल्या माडाकडे गेलं. आणि मग ठरलेला प्रश्न. हा एवढा वाढलाय, आठ-दहा वर्षं होत आली असतील, मग याला नारळ का नाहीत? कोणी कलशातल्या नारळाला कोंब फुटला म्हणून तो वॉचमनच्या केबिनमागे लावलेला असतो, कोणी गावाहून येताना रोप एसटीतून मांडीवर धरून आणलेलं असतं, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये एक जण हमखास म्हणतो, नुसता कचरा पडतो, वांझ आहे, काढून टाका. मी हे लिहितेय ते या शेवटच्या वाक्यामुळे, कारण फळावर यायला वर्ष-दोन वर्षं उरलेली झाडं मुंबईत अशी जातात आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

आधी थेट उत्तर देते. ठेंगू जातीचा माड नीट सांभाळला तर ३ ते ४ वर्षांत फुलतो, संकरित ४ ते ५ वर्षांत, आणि आपला नेहमीचा उंच माड ६ ते ८ वर्षांत. सावलीत, पेव्हर ब्लॉकमध्ये अडकलेला, कधी पाणी नाही, कधी खत नाही, असा उंच माड दहाच्या पुढेही सहज जातो. पण नुसते आकडे घेऊन बसलात तर तुमचा माड यात कुठे आहे ते कळणार नाही, त्यासाठी तो वाढतो कसा ते बघायला लागेल.

माड आंब्यासारखा वाढत नाही

आंबा, वड, पिंपळ यांच्या सालीखाली एक जिवंत थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. तो थर दरवर्षी नवीन लाकूड तयार करतो म्हणून खोड जाड होत जातं, जखम झाली तर भरून येते, फांदी तोडली तर बाजूने नवी फुटते. माडाला हा थरच नाही. माड हा गवत, बांबू, केळ यांच्या गोतावळ्यातला, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य एकाच ठिकाणावर चालतं, शेंड्याच्या आत दडलेला कोवळा कोंब. पान तिथूनच येतं, खोड तिथूनच, फूलही तिथूनच. तो कोंब मेला की झाड मेलं, दुसरी फूट नाही.

आता खोड नंतर जाड होणारच नसेल तर ते उंच व्हायच्या आधीच हवं तेवढं रुंद करून ठेवायला लागणार. रीडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग आठवा, कितीतरी महिने बाहेरून फक्त पत्रे दिसतात आणि लोक म्हणतात काम बंद पडलंय वाटतं, आत मात्र पाइलिंग आणि पाया चाललेला असतो, आणि एकदा प्लिंथ वर आली की मग स्लॅबवर स्लॅब चढत जातात. माडाचं तसंच आहे. पहिली ३-४ वर्षं जमिनीवर फक्त पानं दिसतात, खोड नावाला नसतं, आणि आपल्याला वाटतं हा वाढतच नाहीये. त्या काळात तो जमिनीलगत आपला बुंधा रुंद करत असतो. प्लिंथ जेवढी झाली तेवढ्यावरच पुढचा सगळा टॉवर उभा राहणार, नंतर ती वाढवायची सोय नाही. म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत पाणी-खत न मिळालेला माड पुढे कितीही लाड केले तरी बारीक बुंध्याचा राहतो आणि उशिराही येतो.

मोठ्या माडाला वर्षाला साधारण १२ ते १४ पानं येतात, म्हणजे महिन्याला एक. लहान रोपाला कमी. डोक्यावर एका वेळी ३०-३५ झावळ्या असतात, एकेक झावळी अडीच-तीन वर्षं जगते, वाळते आणि आपसूक गळते, आणि जाताना खोडावर एक वळ ठेवून जाते. माडाच्या खोडात लाकडाची वर्षवलयं नसतात, त्यामुळे वय काढायचं असेल तर हेच वळ मोजायचे, बारा-तेरा वळांना एक वर्ष धरायचं आणि खोड दिसायच्या आधीची चारेक वर्षं वर मिळवायची. अंदाजच, पण बरा अंदाज. यात एक गंमत अशी होते की "दहा वर्षांचा आहे" म्हणून सांगितलेला माड मोजल्यावर सात वर्षांचाच निघू शकतो, लोकांना झाड लावल्याची तारीख नीट आठवत नाही.

कलशातल्या नारळाचं झाड होतं का?

होतं. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, कोंब तिथून येतो. आत पाण्याच्या जागी एक स्पंजासारखा गोड गोळा वाढत जातो, लहानपणी ज्यांनी तो खाल्लाय त्यांना बरोबर कळेल मी काय म्हणतेय, तो गोळा आतलं खोबरं शोषून रोपाला भरवत राहतो. जवळजवळ वर्षभर रोपाची शिदोरी हीच. म्हणून नवीन रोप पहिल्या वर्षी दुर्लक्ष केलं तरी हिरवंगार दिसतं आणि दुसऱ्या वर्षी अचानक मरगळतं. शिदोरी संपलेली असते आणि खाली मुळांना डेब्रिज लागलेलं असतं.

अडचण वेगळीच आहे, तो नारळ कुठल्या माडाचा ते आपल्याला माहीत नसतं. बाजारातला नारळ बहुतेक उंच जातीचा. उंच माडात परागीभवन एका झाडाचं दुसऱ्या झाडाशी होतं, त्यामुळे आई भरपूर नारळ देणारी असली तरी पोर तसंच निघेल याची खात्री नाही.

मग कलम का करत नाहीत, हापूसचं कलम तर तीन-चार वर्षांत मोहरतं? हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येकाला पडतो आणि उत्तर वर येऊन गेलंय. कलम म्हणजे दोन झाडांचे कँबियमचे थर एकमेकांना चिकटवणं. माडाला तो थर नाही, म्हणजे कलम नाही. हापूसच्या कलमात वर बांधलेली काडी आधीच वयात आलेल्या झाडाची असते म्हणून ती लवकर फळते, माडाला मात्र प्रत्येक वेळी बीपासूनच सुरुवात करायला लागते.

म्हणून वेळ वाचवायचा एकच मार्ग, सुरुवातीलाच जात बघून रोप घेणं. उंच जातीत कोकणात बाणवली जुनी आणि भरवशाची, रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने निवडलेली प्रताप ही पण उंचच. ठेंगू जातींमध्ये चौघाट ऑरेंज, केशरी नारळाची, शहाळ्यासाठी छान, पण खोबरं पातळ आणि नखरे जास्त, पाण्याचा ताण तिला सहन होत नाही. उंच आई आणि ठेंगू बाप यांचा संकर म्हणजे टी बाय डी (टॉल बाय ड्वार्फ), केरासंकरा हे त्यातलं नाव, सोसायटीसाठी मला हा प्रकार सगळ्यात योग्य वाटतो. रोप दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांमधून किंवा नारळ विकास मंडळाकडून घ्या, मंडळाचा फार्म पालघरला आहे, म्हणजे मुंबईकरांना काही लांब नाही. रस्त्याकडेच्या नर्सरीत "तीन साल में नारियल" सांगून काहीही विकतात. निदान एवढं बघा की रोप ९ ते १२ महिन्यांचं आहे, सहाएक पानं आहेत आणि बुंध्याचा घेर १० सेंटीमीटरच्या आसपास आहे. केशरी ठेंगू म्हणून देत असतील तर पानाचा देठ केशरी-पिवळसर दिसायला हवा, हिरवागार देठ असेल तर सरळ परत द्या.

पोय येते कधी आणि ठरते कधी

पोय म्हणजे माडाचा फुलोरा. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक, हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाचं आहे. आधी तिथून एक टोकदार, हिरवट, लाकडासारखी कडक म्यान वर येते, हातभर किंवा त्याहून लांब. काही आठवडे ती तशीच उभी असते, मग एके दिवशी उभी चिरते आणि आतून फिक्या हस्तिदंती रंगाच्या ३०-४० काड्या बाहेर पडतात. काडीभर दाटीने बसलेली बारीक टोकदार ती नर फुलं, एका पोयीत हजारोंनी. काडीच्या बुडाशी एखाददुसरा गोल मणी दिसतो ते मादी फूल, पुढचा नारळ. पूर्ण पोयीत ही साधारण २० ते ४०. खालून मान वर करून हे दिसत नाही, पण पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीसमोर माडाचा शेंडा असेल तर रोज सकाळी बघा, मधमाश्या नुसत्या तुटून पडलेल्या असतात आणि खाली गाड्यांच्या टपावर नर फुलांचा सडा पडतो.

आता मुख्य मुद्दा. आज उघडलेली पोय आज तयार झालेली नाही. तिची सुरुवात कोंबाच्या आत साधारण ३२ महिने आधी झालेली असते, अगदी सूक्ष्म रूपात. तिच्या काड्या आणि फुलं शेवटच्या सव्वा-दीड वर्षात आकाराला येतात, उघडल्यावर नारळ पिकायला आणखी ११-१२ महिने. सगळं धरलं तर एका नारळाचा प्रवास ४४ महिन्यांचा, पावणेचार वर्षांचा. या काळात कधीही कडक दुष्काळ पडला, झाड उपाशी राहिलं, तर कोवळी पोय आतल्या आतच जिरून जाते किंवा मादी फुलं कमी येतात, आणि आपल्याला ते कळतं दोन-अडीच वर्षांनी.

२०२५ ची महागाई याच हिशोबाने बघा. २०२३ मध्ये केरळात पावसाळी पावसाची तूट साधारण एक तृतीयांश होती, कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले, २०२४ चा उन्हाळाही कडक गेला. मागणी वाढली, रोग आणि पांढरी माशी यांचाही वाटा होताच, पण बाजारात नारळ कमी आला त्यात दोन वर्षांपूर्वीच्या कोरड्या पावसाळ्याचा मोठा हात. तुमच्या कंपाउंडमधल्या माडालाही हेच लागू आहे. उंच माड सातव्या वर्षी फुलायचा असेल तर त्याची पहिली पोय चौथ्या-पाचव्या वर्षीच आत सुरू झालेली असते. म्हणजे आज घातलेल्या खताचं फळ पुढच्या गणपतीला मागू नका, आणि "गेल्या वर्षी एवढं खत घातलं, काही फरक नाही" असं म्हणून सोडूनही देऊ नका.

"आमचा माड नर आहे"

हे मी इतक्यांदा ऐकलंय! नारळाच्या माडात नर झाड, मादी झाड असा प्रकार नाही. एकाच पोयीवर दोन्ही फुलं असतात. उंच माडात नर फुलं आधी उमलून १८ ते २२ दिवसांत गळतात आणि मादी फुलं साधारण त्यानंतर ३ ते ५ दिवस तयार असतात, म्हणून पराग दुसऱ्या माडाचा लागतो किंवा त्याच झाडाच्या पुढच्या पोयीचा. मुंबईत वाऱ्याच्या आणि मधमाशीच्या टप्प्यात दुसरा माड नाही अशी जागा फार कमी, त्यामुळे एकटं झाड आहे म्हणून फळत नाही हे कारण सहसा खरं नसतं. ठेंगू माडात दोन्ही वेळा जुळतात, तो स्वतःचा स्वतः फळतो.

नर-मादीचा गोंधळ येतो ताडामुळे. ताडगोळ्यांचा ताड, शिंदी, खजूर यांत झाडं खरंच वेगवेगळी असतात. ताड तर पहिल्यांदा फुलायला १२ ते २० वर्षं घेतो आणि फुलेपर्यंत तो नर की मादी हे बाहेरून कळत नाही, नर निघाला तर ताडगोळा कधीच नाही. गोराई, वसई, पालघरच्या जुन्या लोकांना हे चांगलं माहीत असतं. खजुराची बी रुजवून बसलेल्यांनाही हेच सांगते, बियांपासूनची साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि मादी निघालं तरी फळ पिकायच्या वेळेला आपल्याकडे धो धो पाऊस असतो.

आणखी एक, रस्त्याच्या कडेला आणि जुन्या बंगल्यांत भेर्ली माड असतो, माशाच्या शेपटीसारखी पानं, लांब लोंबणारे फुलोरे. तो आयुष्यात एकदाच फुलायला लागतो, वरून खाली काही वर्षं फुलत येतो आणि मग मरतो. त्याला कितीही खत घाला, नारळ येणार नाहीत. आणि गेटवर शोभेला लावलेला गुळगुळीत राखाडी खोडाचा बॉटल पाम, त्याचंही तेच. झाड ओळखायची पायरी कोणी चुकवू नका.

मुंबईत उशीर का होतो

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आपणच आहोत, आणि त्यातही पावसाळ्यापूर्वीची छाटणी.

दरवर्षी मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर येतो. सोसायटीला वाटतं एकदाच पैसे द्यायचे तर चांगलं साफ करून घ्या. तो वर चढतो आणि वाळलेल्या झावळ्यांबरोबर हिरव्याही सपासप उतरवतो, मध्ये चार-सहा पानांचा उभा झुबका ठेवतो, खालून सगळे म्हणतात वा, स्वच्छ दिसतंय. आता मघाचं आठवा, प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. झावळी हे त्या पोयीचं स्वयंपाकघर, आणि पुढे नारळाचा घड वजनाने खाली आला की त्याला खालून आधारही त्याच झावळीच्या देठाचा. ३०-३५ पैकी वीस-पंचवीस हिरवी पानं गेल्यावर झाड दोन वर्षं फक्त पानंच भरून काढत बसतं. आणि ती भरून येईपर्यंत पुन्हा मे महिना येतो! अशी झाडं कायम फळायच्या उंबरठ्यावर राहतात आणि मग त्यांनाच वांझ म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. वाळलेली झावळी काढा, सुकलेली पोय काढा, पिकलेले नारळ उतरवा, हिरव्याला हात लावू देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला हे आधी सांगा आणि काम चालू असताना कोणीतरी खाली उभं राहा.

चढण्यासाठी खोडावर कोयत्याने खाचा पाडू देऊ नका. दिवाळीची लायटिंग आणि सोसायटीचे बोर्ड खिळे मारून लावू नका. आंब्याची जखम भरते, माडाची भरत नाही, ती आयुष्यभर उघडीच राहते आणि तिथून रोग आणि सोंड्या भुंगा आत शिरतो.

दुसरं कारण सावली. माडाला भरपूर ऊन लागतं, वर्षाला साधारण २००० तास आणि कुठल्याही महिन्यात १२० तासांपेक्षा कमी नको असं मानतात. शेजारी वीस मजली टॉवर उभा राहिला आणि माड त्याच्या सावलीत गेला तर तो उंच उंच होत जातो, मान वाकवून उजेडाकडे झुकतो, पण पोय धरत नाही. यावर खरंच फार उपाय नाही. नवीन लावताना मात्र आधी उन्हाची जागा बघा, दक्षिणेकडची मोकळी बाजू असेल तर उत्तम, आणि दोन माडांत साडेसात मीटर तरी ठेवा.

तिसरं, पाणी. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो म्हणून पाण्याची काय कमतरता असं वाटतं, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो आणि उरलेले आठ महिने कोरडे. माडाची मुळं खोल सोटमूळ नसून झुपकेदार असतात, बहुतेक सगळी खोडापासून दोन मीटरच्या आत आणि वरच्या मीटर-सव्वा मीटर मातीत, म्हणजे बरोबर तिथे जिथे आपण पेव्हर ब्लॉक बसवतो. निदान मीटरभर आळं मोकळं करून घ्या. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात चार दिवसांनी २०० लिटर ही शिफारस आहे, आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हे बोललं तर लोक अंगावर येतील हे मला कळतं. म्हणून एसीचं पाणी, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी एका पाइपने आळ्यात सोडा. आरओच्या पाण्यात क्षार जास्त असतात पण माड ते इतर झाडांपेक्षा कितीतरी चांगलं सोसतो, समुद्रकाठचंच झाड आहे ते.

चौथं, गेंड्या भुंगा, आणि याचं मुंबईतलं मूळ बऱ्याचदा आपल्याच चांगल्या कामात असतं. हा काळा, शिंगवाला भुंगा कोंबात शिरून अजून न उलगडलेलं पान कुरतडतो. ते पान पुढे उलगडतं तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं, दोन्ही बाजूंना अगदी सारखं. असं पान दिसलं की समजायचं. तो कोवळी पोयही आतच खातो, म्हणजे आपण वाट बघत बसतो आणि वर ती कधीच संपलेली असते. त्याच्या अळ्या वाढतात शेणखतात आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, म्हणजेच सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्ट खड्ड्यात. खड्डा बंद करू नका, पण महिन्यातून एकदा उलथा, जाड पांढऱ्या वळलेल्या अळ्या दिसतील त्या वेचून काढा. झाडावर वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात डांबराच्या ३-४ गोळ्या ठेवून त्यावर वाळू टाका, दर दीड महिन्याने. नाहीतर पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून. भोकातून चघळलेला चोथा बाहेर येत असेल तर माणूस वर चढवून तारेच्या हुकाने भुंगा ओढून काढायला लागतो.

पानांखाली पांढरी वर्तुळं आणि खालच्या गाड्यांवर चिकट काळं दिसत असेल तर ती पांढरी माशी, २०१६ मध्ये तामिळनाडूत पहिल्यांदा सापडलेली आणि आता सगळीकडे पसरलेली. तिच्यावर जहाल औषध मारू नका, तिला खाणारे मित्रकीटकच मरतात, पाण्याचा जोरदार फवारा बरा.

गच्चीवर ड्रममध्ये लावला तर?

रोप छान दिसेल, काही वर्षं. फळाची आशा धरू नका. एक मीटर लांब, रुंद, खोल असा तर लावतानाचा खड्डाच सांगतात, ड्रममध्ये तेवढी माती नाही आणि भरलीत तर स्लॅबवरचं वजन बघायला लागेल. गच्चीवर लिंबू लावा, अंजीर लावा.

पाया फोडेल, डोक्यात पडेल

पहिली भीती बिनबुडाची. कँबियम नसल्यामुळे माडाचं मूळही जाड होत नाही, बोटाएवढंच राहतं, पिंपळासारखं भिंत फोडत जात नाही. दुसरी भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये, पिकलेला सोलायचा नारळ किलोच्या वर भरतो. पण त्यासाठी पाडेकऱ्याला दोन-तीन महिन्यांनी बोलावून तयार घड उतरवून घेणं पुरतं. खोडाच्या बुडाशी पोकळ आवाज येत असेल, लालसर-तपकिरी रस गळत असेल, मधला शेंडा कलला असेल, तर मात्र वाट बघू नका, पालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान विभागाला लेखी कळवा.

आणि स्वतःच्या कंपाउंडमध्ये आहे म्हणून परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा खाजगी जागेलाही लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. "फळ देत नाही" हे त्यासाठीचं कारण होऊ शकत नाही.

मग आता करायचं काय

खताचं प्रमाण पक्कं आहे. मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश. हे निव्वळ अन्नद्रव्यांचे आकडे आहेत, गोणीचे नाहीत, दुकानदाराला सांगितलं की तो युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश किती ते काढून देतो. पहिल्या वर्षी याचा दहावा भाग, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, चौथ्यापासून पूर्ण. दोन हप्त्यांत द्या, पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस ओसरताना, बुंध्याला चिकटवून न टाकता आळ्यात पसरून. बरोबर जेवढं मिळेल तेवढं कंपोस्ट. आकडा बघून लक्षात येईल की माडाला सगळ्यात जास्त भूक पालाशची आहे, आणि लोक घालतात नुसता युरिया, मग पानं काळीभोर आणि नारळ शून्य.

मीठ घालावं का, हे आजी-आजोबा विचारतातच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, माडाला क्लोरीन लागतं आणि मिठातून ते मिळतं. पण पोटॅशच्या गोणीतलं खत हे पोटॅशियम क्लोराइडच असतं, त्यातून ते येतं, आणि समुद्राच्या वाऱ्यावर वाढणाऱ्या मुंबईच्या माडाला वेगळं मीठ घालायची गरज नाही.

पहिली पोय आली की लोक पेढे वाटतात आणि महिन्याभरात सगळी बोंडं खाली पडलेली बघून हिरमुसतात. हे होणारच. चांगल्या वयाच्या माडाचीही निम्म्याहून जास्त मादी फुलं गळतात, याला बोंडगळ म्हणतात, आणि नवख्या झाडाच्या पहिल्या काही पोयींवर तर मादी फुलं नसतातच किंवा एक-दोन असतात. पुढची पोय महिन्याभराने, पुढच्या झावळीच्या बगलेत. दोन-चार पोयी अशा जाऊ द्या. वर्ष उलटूनही एकही बोंड टिकत नसेल तर पाणी आणि पालाश यांच्याकडे बघा आणि नवीन पानांच्या पात्या टोकाला आखडून हुकासारख्या वळल्यात का ते तपासा, तसं असेल तर बोरॉन कमी आहे, ५० ग्रॅम बोरॅक्स आळ्यात घालायचं.

बोंड टिकलं की पोय उघडल्याची तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा. शहाळं हवं असेल तर तिथून सात महिन्यांनी उतरवा, पाणी तेव्हा सगळ्यात गोड असतं. नारळ हवा असेल तर पूर्ण बारा महिने थांबा, हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की काढायचा.